मार्गासनीचा फाटा

पुण्याहून राजगडाला निघालेली मंडळी मार्गासनीला थांबतात ती चहापुरती. सातारा रस्त्याने चेलाडी फाट्याला यायचं, उजवीकडे वळून नसरापूर ओलांडायचं आणि गुंजवणी नदीच्या खोऱ्यात शिरायचं. मार्गासनीला रस्ता फुटतो. डावीकडचा साखरवरून गुंजवण्याला, म्हणजे राजगडाच्या पायथ्याला जातो. सरळ जाणारा विंझरवरून वेल्ह्याला, तोरण्याखाली पोहोचतो. सरकारी कागदावर तालुक्याचं नाव आता राजगड झालं आहे. एसटीत बसलेला माणूस अजून वेल्ह्याचंच तिकीट मागतो. शनिवार-रविवारी पहाटे इथे मोटारसायकलींची रांग लागते, हेल्मेटं टेबलावर येतात, आणि सात-साडेसातला सगळी फौज डावीकडे वळून निघून जाते.

आम्ही मात्र सरळ जाणारे. माझी मोठी फुफी मार्गासनीच्या पुढे, वेल्ह्याच्या वाटेवरच्या एका लहान गावात राहते. फुफाजी त्या गावचे मुलाणी. गावगाड्यात मुलाण्याचं घर बहुधा एकच असायचं, तसंच हेही. फुफाजींचा इंतकाल होऊन बरीच वर्षं झाली, दोन्ही मुलं भोरला दुकानात आहेत, पण फुफी घर सोडायला तयार नाही. दारातला फणस कुणाच्या हवाली करू, असं विचारते. त्यामुळे दोन महिन्यांतून एकदा तिची रक्तदाबाची औषधं घेऊन मी कोंढव्याहून जातो. एका बाजूचं अंतर पन्नास किलोमीटरच्या आसपास.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये मी आणि मुलांची अम्मी असेच निघालो होतो. गाडी माझी, चारशे सीसीची, दुसऱ्याकडून घेतलेली. मार्गासनी सोडल्यावर थोडं पुढे एक उतार आहे आणि उताराच्या शेवटी ओढ्यावरची मोरी. पाऊस बारीक होता. माझा वेग उताराच्या मानाने जास्त होता, हे आधीच कबूल करतो. मोरीच्या अलीकडे रंग उडालेला गतिरोधक एकदम दिसला, मी दोन्ही ब्रेक दाबले, गाडीने नाक खाली घातलं आणि नेमका त्याच क्षणी पाण्याने भरलेला खड्डा आला. पुढून ‘ठक्’ असा लोखंडावर लोखंड आदळल्याचा आवाज झाला, हँडल हातातून फिरलं आणि आम्ही दोघं चिखलात.

मला खरचटलं. तिचं डावं मनगट मोडलं. भातखाचरात काम करणाऱ्या बाया धावत आल्या; एकीने स्वतःच्या डोक्यावरचं इरलं काढून हिच्यावर धरलं आणि टेंपो येईपर्यंत तशीच भिजत उभी राहिली. गाडी मार्गासनीच्या चहावाल्याने आठ दिवस आपल्या शेडमध्ये ठेवली, भाडं घेतलं नाही. सहा आठवडे प्लास्टर होतं. त्या सहा आठवड्यांत तिने मला एकदाही दोष दिला नाही. फक्त एवढंच म्हणाली, “मी आता त्या गाडीवर बसणार नाही.” आवाज चढवून म्हणाली असती तर समजूत घालता आली असती.

गाडी घरी आल्यावर मुलाने पहिलं काम काय केलं, तर पुढचा ब्रेक धरून हँडलवर जोर दिला. गाडी खाली गेली आणि वर यायला तिला वेळ लागला. “अब्बा, शॉकअप बसलेत,” तो म्हणाला.

इथे मुलाबद्दल सांगायला हवं. मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. इतरांच्या मुलांना बारावीनंतर काय करावं याचा सल्ला देणं हे माझं रोजचं काम. माझ्या मुलाने बारावी सायन्स अर्ध्यात सोडलं आणि औंधच्या आयटीआयला मोटार मेकॅनिकचा ट्रेड घेतला. तेव्हापासून पालकांच्या सभेत कुणी विचारलं, “सर, तुमचा मुलगा काय करतो?” की मी “टेक्निकलला आहे” असं सांगून विषय बदलायचो. घरात त्याचे काळे हात दिसले की मी वर्तमानपत्र उघडायचो. सरळ भांडण झालं असतं तर बरं झालं असतं.

तर शॉकअपचं काम कसं चालतं, ते मला वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी त्याच्याकडून समजलं. पुढच्या चाकाच्या दोन बाजूंना ज्या नळ्या दिसतात, त्यांत वरची बारीक नळी खालच्या जाड नळीत सरकते. आत एक लांब स्प्रिंग आणि तेल. स्प्रिंग वजन पेलते आणि धक्का गिळते; तेल बारीक छिद्रांतून ये-जा करताना अडतं आणि स्प्रिंगला उड्या मारू देत नाही. आमच्या गाडीच्या नळीला सरकायला एकूण 200 मिलिमीटर जागा आहे.

“ही 200 मिलिमीटर म्हणजे तुमचा पगार समजा,” मुलगा म्हणाला. “गाडीचं आणि आपलं वजन पडलं की साधारण 60 जायला पाहिजेत. जुन्या स्प्रिंगा मऊ झाल्यात, 80 जातात. जोरात ब्रेक दाबलात, वजन पुढे आलं, आणखी 90 गेले. राहिले 30. खड्डा त्यापेक्षा मोठा होता.”

मी मनातल्या मनात बेरीज करून पाहिली. बरोबर होती. महिनाअखेरीला पाहुणे यावेत तसं झालं होतं.

मग कडक स्प्रिंग टाकून मोकळं का होऊ नये, असं मी विचारलं. त्याचं उत्तर असं, की सगळीकडे सारखी कडक स्प्रिंग बारीक खडी-खड्ड्यांवर दबतच नाही. चाक रस्त्याला धरून राहण्याऐवजी उडतं आणि मागे बसणाऱ्याची पाठ जाते. म्हणून चढत्या ताकदीची स्प्रिंग, ज्याला त्यांच्या भाषेत प्रोग्रेसिव्ह म्हणतात. तिचे वेढे एका टोकाला दाट, दुसऱ्या टोकाला विरळ असतात. थोडा दाब आला की दाट वेढे आधी मिटतात, ती मऊ वागते. दाट वेढे एकमेकांवर टेकले की ते कामातून बाद होतात. मग उरलेले थोडेच वेढे सगळा भार घेतात, आणि वेढे जितके कमी तितकी स्प्रिंग ताठ.

ही कल्पना नवी नाही. खेड्यात फिरणाऱ्या मालट्रकच्या मागच्या पाट्यांकडे पाहा. मुख्य पाट्यांवर आणखी एक छोटा जुडगा असतो. गाडी रिकामी असताना तो नुसता अधांतरी असतो, पोती भरली की टेकतो आणि भार वाटून घेतो. बजाजच्या प्लॅटिनाला मागच्या शॉकअपमध्ये स्प्रिंगच्या आत दुसरी स्प्रिंग दिली गेली, तिच्यामागचा विचारही याच जातीचा. मला स्वतःला मात्र आमचे एक जुने हेडमास्तर आठवले. पोरांच्या बारीकसारीक खोड्या हसून सोडायचे, पण एका मर्यादेपुढे गेलं की भिंत. मुलाला हे सांगितलं तर तो म्हणाला, “आणि तुम्ही अब्बा, पहिल्यापासून सारखेच कडक.” मी हसलो, पण ते मला लागलं.

दिवाळीच्या सुटीत आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये हे काम झालं. नव्या स्प्रिंगांची जोडी, तेल आणि सील मिळून खर्च माझ्या तीन महिन्यांच्या पेट्रोलएवढा आला. गॅरेजला द्यायचा विचार होता, मुलाने करू दिला नाही. आणि मला वर्तमानपत्र घेऊन वर जाऊ दिलं नाही.

आधी त्याने एक प्रयोग केला. घरातला वजनकाटा जमिनीवर ठेवला, स्प्रिंग वाकू नये म्हणून तिच्यात एक पाइप घातला आणि आम्ही दोघांनी मिळून ती वरून दाबली. जुनी स्प्रिंग दर सेंटिमीटरला साधारण पाच किलो मागत होती, पहिल्या सेंटिमीटरला पाच, दहाव्यालाही पाच. नवी सुरुवातीला चारच मागत होती, आणि दाट वेढे मिटल्यावर सात-सात. आमचा काटा काही सोनाराचा नाही, पण फरक हातालाच कळत होता.

मग गाडी मधल्या स्टँडवर घेतली, इंजिनखाली लाकडी ठोकळे सरकवून पुढचं चाक अधांतरी केलं. चाक, मडगार्ड निघालं. ब्रेकचा जबडा त्याने तारेने बांधून हँडलला टांगला. तो आपल्या पाइपावर लोंबकळत ठेवायचा नसतो, पाइप आतून फाटतो. नळ्या जागेवर आवळलेल्या असतानाच वरचे बोल्ट थोडे सैल करून घेतले. नळी हातात आल्यावर ते सुटता सुटत नाहीत. शेवटचे दोन आटे राहिले तेव्हा त्याने बोल्टवर जाड फडकं ठेवलं आणि तळहाताने दाबून धरत फिरवला. “तोंड बाजूला घ्या, अब्बा. आत स्प्रिंग दाबलेली आहे, बोल्ट उडतो.” हे वाचून कुणी घरी प्रयत्न करणार असेल तर हीच एक गोष्ट लक्षात ठेवावी. खरं तर जाणता माणूस शेजारी नसेल तर करूच नये.

नळ्या उलट्या करून आत-बाहेर चेपल्या तेव्हा जे तेल पडलं ते करड्या-काळ्या रंगाचं, आणि वास सडलेल्या माशाचा. आधीच्या मालकाने ते कधी बदललं असेल असं वाटत नव्हतं, आणि मीही घेतल्यापासून विचारलं नव्हतं. मी इंजिनचं तेल वेळेवर बदलणारा माणूस. शॉकअपमध्येही तेल असतं हे माझ्या गावीही नव्हतं. मुलाचं मत असं, की पुष्कळ गाड्यांना नव्या स्प्रिंगांची गरजच नसते, तेल आणि सील बदलले तरी निम्मं दुखणं जातं. चढत्या ताकदीच्या स्प्रिंगाही सगळ्यांना पसंत नसतात. तेलाची छिद्रं एकाच मापाची असतात, मऊ आणि ताठ दोन्हींना ती सारखी लागू पडत नाहीत, म्हणून आपल्या वजनाला बेतलेली साधी एकसारखी स्प्रिंगच बरी, असं म्हणणारे जाणकार आहेत. कधी एकटा, कधी दोघं, कधी औषधांच्या पिशवीबरोबर तांदळाचं पोतं, असं ज्याचं रोज बदलतं ओझं आहे, त्याला मात्र ही सोयीची.

नवं तेल ओतल्यावर नळी पूर्ण दाबून, स्प्रिंग बाहेर ठेवून, वरच्या काठापासून तेलापर्यंतचं अंतर पट्टीने मोजायचं, दोन्हीकडे अगदी सारखं. तेलावर जी हवा कोंडली जाते तीसुद्धा दाबली की ताठ होते, म्हणजे तीही एक स्प्रिंगच. स्प्रिंगा आत गेल्या, दाट वेढे वर, कंपनीच्या कागदात होतं तसे. त्या जुन्यांपेक्षा जरा आखूड निघाल्या, म्हणून वर टेकू द्यायला पाइपाचे दोन तुकडे कापायचे होते. एक मी कापला. त्याने मोजला, तीन मिलिमीटर कमी भरला. त्याने तो बाजूला ठेवला आणि पाइप पुन्हा माझ्या हातात दिला. “दोन्ही सारखे पाहिजेत.” मुलांच्या वह्यांवर मी लाल शाईने जे करतो, ते त्याने माझ्या तुकड्याला केलं. दुसऱ्या खेपेला बरोबर कापला.

शेवटी त्याने वरच्या नळीभोवती वायर बांधायची प्लास्टिकची पट्टी अडकवली आणि खाली सीलपर्यंत सरकवली. शॉकअप दबला की पट्टी वर ढकलली जाते आणि तिथेच राहते, त्यामुळे जास्तीत जास्त किती दबला ते नंतर मोजता येतं. मी नुसता बसलो तेव्हा 54 मिलिमीटर. पगाराच्या चौथ्या हिश्शाहून थोडं जास्त. “चालतं,” तो म्हणाला.

पुढच्या रविवारी आम्ही दोघं निघालो. मुलांच्या अम्मीने औषधांची पिशवी दिली, दारात उभी राहिली, गाडीकडे पाहिलं नाही. बिस्मिल्लाह म्हणून, सफरची दुआ पढून कात्रजचा जुना घाट घेतला. खेड शिवापूरला कमर अली दरवेश यांच्या दर्ग्याची कमान मागे टाकली. अकरा माणसं एकेक बोट लावून जड दगड उचलतात तो हाच दर्गा. लहानपणी अब्बा मला इथे घेऊन आले होते आणि माझं बोट दगडाला पोहोचत नव्हतं. चेलाडीला वळल्यावर हवा बदलली. भातकापणी चालू होती. खाचरांत इंद्रायणीच्या पेंढ्या आडव्या पडलेल्या, खळ्यावर झोडपणीचा आवाज, आणि ओल्या पेंढ्याचा तो गोडसर वास, जो शहरात कुठेच मिळत नाही.

नसरापूरपासून रस्ता कधी नवा, कधी ठिगळांचा. आता ठिगळं हाताला नुसती कळत होती, मारत नव्हती. मी मुलाला तसं ओरडून सांगितलं. त्याने मागून फक्त “हं” म्हटलं.

मार्गासनीला चहावाल्याने ओळखलं. आधी “ताईंचा हात कसाय?” विचारलं, मग गाडीभोवती फिरला. स्प्रिंगा बदलल्याचं सांगितल्यावर म्हणाला, “मास्तर, स्प्रिंगा बदलून काय हुतंय, रस्ता बदलाय पाहिजे.” मग विचारलं, “बसवल्या कुणी?”

“आमच्या मुलाने. मेकॅनिक आहे.”

तो शब्द मी पहिल्यांदाच वापरला होता. मुलगा चहाच्या ग्लासात बघत राहिला.

उताराशी पोहोचलो तेव्हा माझे तळहात घामेजले होते. खड्ड्यात मुरूम टाकला होता, पण कडा तशीच होती. आम्ही उतरलो, रस्ता दोन्हीकडे बराच वेळ रिकामा असल्याचं पाहिलं आणि मुलाने मला सावकाश यायला सांगितलं. पहिल्यांदा तीसच्या वेगाने ब्रेक: पट्टी 131 वर. दुसऱ्यांदा चाळीसने, दोघं बसून, आणि ब्रेक न सोडता त्या कडेवरून. गाडीने नाक खाली घातलं. ते घालतेच, स्प्रिंग काही करामत करत नाही. पण तळाशी जाऊन आदळली नाही. पोटात हात घातल्यासारखी अडली आणि वर आली. मुलाने पट्टी मोजली. 168. बत्तीस बाकी.

तो मोरीच्या कठड्यावर बसला आणि म्हणाला, “त्या दिवशी हे असतं तर…” मी त्याला पुढे बोलू दिलं नाही. त्या दिवशी वेग कमी असता तरी चाललं असतं, आणि तो माझ्या हातात होता.

ओढ्यावर वुजू करून जोहरची नमाज तिथेच अदा केली. मुलाने विचारलं, “कसर करायची का, अब्बा?” आपल्या हनफी हिशोबाने त्याला 48 मैल लागतात, आम्ही तर पन्नास किलोमीटरवर होतो. चार फर्ज पूर्ण पढायचे, सांगितलं. समोर राजगडाचा बालेकिल्ला उन्हात उभा होता. शिवाजी महाराजांची राजधानी पंचवीस-एक वर्षं तिथे होती, आणि पायदळाचे सरनौबत नूर बेग याच खोऱ्यांतून ये-जा करत असणार. तेव्हा या वाटा घोड्याच्या आणि बैलाच्या पायाच्या होत्या.

फुफीला सगळी हकिकत सांगितली. तिला त्यात काही विशेष वाटलं नाही. “तुझ्या फुफाजींची सायकल होती, बिनस्प्रिंगची,” ती म्हणाली. “मी मागे बसून नसरापूरच्या बाजाराला जायची. येताना मांडीवर अंडी असायची. फुटली नाहीत कधी.” मुलगा हसत सुटला. मग तिने त्याचे काळे हात आपल्या हातात घेतले, उलटसुलट करून पाहिले आणि त्याला राखेने कसे धुवायचे ते शिकवलं.

घरी आल्यावर मी मुलांच्या अम्मीला 168 चा आकडा सांगितला. तिने ऐकून घेतलं. डिसेंबर गेला. जानेवारीत फुफीला थंडीताप झाल्याचा फोन आला, तेव्हा ती म्हणाली, “मी येते. पण कात्रजहून एसटीने. मार्गासनीपर्यंत.”

“आणि पुढे?”

“पुढचं तिथे बघू.”

मी गाडीने गेलो, ती आणि मुलगा वेल्ह्याच्या एसटीने. मार्गासनीच्या थांब्यावर ती उतरली, मनगटाला अजून पट्टा होता. चहावाल्याने खुर्ची आणून दिली, ती बसली नाही. माझ्याकडे न बघता मुलाला विचारलं, “ती पट्टी कुठाय?” तो गाडीपाशी वाकला, पट्टी खाली सीलपर्यंत सरकवून दाखवली. तिने ओढणी सावरली, हेल्मेट घातलं आणि माझ्यामागे बसली. तिचा उजवा हात माझ्या खांद्यावर इतका घट्ट होता, की मला मान वळवता येईना.

उतारावर मी वीसच्या वेगाने होतो. मोरी आली तशी मी आणखी हळू केली, जवळजवळ थांबवलीच.

“थांबू नका,” ती म्हणाली. “चला.”

मुलगा मागून वडापच्या जीपने आला. आम्ही फुफीच्या उंबऱ्यात होतो, आणि तो अंगणातच गाडीच्या चाकाशी उकिडवा बसून पट्टी मोजू लागला.

“आधी सलाम कर,” मी म्हणालो.